विद्यापीठातलं विज्ञान मंडळ: सुरू कसं करायचं आणि पुढच्या बॅचच्या हाती कसं द्यायचं

विज्ञान मंडळ काढायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं डोकं तीन गोष्टींत अडकतं: नाव, बोधचिन्ह आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. तिन्ही गोष्टी महिनाभराने झाल्या तरी काही बिघडत नाही. आधी ठरवायला हवं ते इतकंच, की दर आठवड्याला कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत भेटायचं. वार ठरलेला असेल तर मंडळ सहा जणांवरही चालतं. वार ठरलेला नसेल तर तीनशे नावांची यादी असूनही दुसऱ्या सत्रात त्याचा पत्ता लागत नाही.

हे लिखाण विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या मंडळाबद्दल आहे. विभागाची व्याख्यानमाला वेगळी. तिथे वक्ता विभाग ठरवतो आणि विद्यार्थी श्रोते असतात. मंडळात विद्यार्थ्यानेच फळ्यासमोर उभं राहायचं असतं, चुकायचं असतं आणि कोणीतरी ती चूक दाखवायची असते.

पायरी १: नोंदणीच्या आधी तीन बैठका

सुरुवातीला चार-पाच जण पुरतात, पण ते एकाच बाकावरचे नकोत. सगळे शेवटच्या वर्षाचे असतील तर मंडळ वर्षभरात रिकामं होणार, हे आधीच लिहून ठेवा. निदान दोघं पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे हवेत आणि एखादा पीएचडी करणारा हवा. प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, कोणते प्राध्यापक दुपारी भेटतात, जुनं दुर्मीळ उपकरण कोणत्या कपाटात पडलंय, ही माहिती त्याच्याकडे असते.

मग कागदपत्रांच्या मागे न लागता तीन आठवडे नुसतं भेटा. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं. विषय कोणताही, अट एकच: वर्गात शिकवलेलं तसंच्या तसं सांगायचं नाही. दुसऱ्या बैठकीला प्रत्येकाने एक नवा माणूस आणायचा, शक्यतो दुसऱ्या विभागातला. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी मंडळाची व्याप्ती ठरवायची. या तीन बैठकांना माणसं आलीच नाहीत, तर नोंदणी करूनही येणार नाहीत. तेवढं कळायला तीन आठवडे म्हणजे स्वस्त सौदा.

व्याप्तीचा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. एका विषयाचं मंडळ खोल जातं, पण श्रोते मोजके राहतात. सगळ्या विज्ञानाचं मंडळ केलं तर गर्दी होते, मात्र जीवशास्त्राच्या मुलाला पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) कळेल असं बोलणारा वक्ता शोधावा लागतो. दोन्ही प्रकार जुने आहेत. एडिनबर्ग इथे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी १७३७ साली स्वतःची सभा काढली, ती पुढे रॉयल मेडिकल सोसायटी झाली. ऑक्सफर्डमध्ये १८८२ साली ज्युनियर सायंटिफिक क्लब सुरू झाला, तो सगळ्या विज्ञानशाखांचा. माझं मत विचाराल तर विद्यापीठात विषयवार मंडळं आधीच असतील तेव्हा सर्व शाखांचं काढा आणि काहीच नसेल तेव्हाही सर्व शाखांचंच काढा. एका विषयाचा गट त्यातून आपोआप फुटतो. उलटं सहसा होत नाही.

किती कमी औपचारिकतेवर काम भागतं याचा नमुना हवा असेल तर केंब्रिजचा कापित्सा क्लब पाहा. पीटर कापित्सा हे तरुण रशियन भौतिकशास्त्रज्ञ १९२१ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हा क्लब सुरू केला. मंगळवारी संध्याकाळी कॉलेजमधल्या एखाद्या खोलीत मोजकी माणसं जमायची, एक फळा आणि नोंदींची एक वही. जुलै १९२५ मध्ये पुंजयामिकीचे एक जनक हायझेनबर्ग तिथे बोलून गेले. फेब्रुवारी १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकनी न्यूट्रॉनचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या विद्युतभार नसलेल्या कणाचा, पुरावा या क्लबात मांडला. उद्घाटन समारंभाचा खर्च वाचवायला हे एवढं कारण पुरे.

पायरी २: घटना आणि मान्यता

विद्यापीठाची मान्यता लागते ती तीन व्यावहारिक कारणांसाठी: खोली मिळावी, पैसे हाताळता यावेत आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असावं. प्रत्येक विद्यापीठाची पद्धत निराळी असते. तरी विद्यार्थी कल्याण विभाग साधारणपणे सदस्यांची यादी, लिखित घटना, पदाधिकाऱ्यांची नावं आणि एका प्राध्यापकाची संमती मागतो.

घटना दोन पानांची करा. कुठल्या तरी मोठ्या संस्थेची बारा पानी घटना उचलून नाव बदलण्याचा मोह होतो. पण तिच्यातली कलमं पाळली जात नाहीत आणि भांडण झालं की तीच बाहेर काढली जातात. दोन पानांत एवढं यायला हवं: मंडळाचा हेतू एका वाक्यात, सदस्य कोण होऊ शकतो, पदं कोणती आणि मुदत किती, निवडणूक कधी व कशी, खर्चावर सह्या कोणाच्या, घटना बदलायला किती मतं लागतात, आणि मंडळ बंद पडलं तर शिल्लक पैसे व सामान कोणाकडे जाईल. शेवटचं कलम लिहिताना सगळ्यांना हसू येतं. दुर्बीण कोणाची यावरून वाद झाला की येत नाही.

गणपूर्तीचं, म्हणजे सभा वैध ठरायला किमान किती सदस्य हजर हवेत याचं, कलम लिहिताना विशेष काळजी घ्या. ‘एकूण सदस्यांच्या निम्मे’ असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. सत्राच्या पहिल्या दिवशी उत्साहाने दीडशे जण नाव नोंदवतात, वार्षिक सभेला वीस येतात. मग गणपूर्ती होत नाही, निवडणूक होत नाही आणि जुनीच कार्यकारिणी लटकत राहते. दहा टक्के किंवा बारा सदस्य, यांपैकी जी संख्या लहान असेल ती, एवढं पुरतं.

पदं कमी ठेवा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही तीन लागतातच. चौथा माणूस वक्त्यांशी पत्रव्यवहार सांभाळणारा आणि पाचवा प्रयोग व सुरक्षितता पाहणारा. उपाध्यक्ष, सहसचिव, प्रसिद्धीप्रमुख, समन्वयक अशी फौज उभी केली की प्रत्येक कामाला दोन मालक होतात आणि काम एकालाही दिसत नाही.

सल्लागार प्राध्यापक निवडताना नावाजलेल्यांपेक्षा फोन उचलणारे बघा. त्यांची सही, त्यांची ओळख आणि धोक्याच्या प्रयोगावर त्यांची नजर एवढं हवं असतं. कार्यक्रम काय करायचा हे त्यांनी ठरवायला लागलं तर मंडळ विभागाचं होतं. पहिल्याच भेटीत हे नम्रपणे बोलून घ्यावं. बहुतेकांना ते ऐकून हायसंच वाटतं.

पायरी ३: सत्राचं वेळापत्रक उलटं मांडा

कॅलेंडर घ्या आणि परीक्षेपासून मागे या. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे काट मारा, अंतर्गत चाचण्यांचा आठवडाही काढून टाका. चौदा आठवड्यांच्या सत्रात हाती साधारण दहा बैठका उरतात. त्यांतल्या सहा विद्यार्थ्यांच्या बोलण्याला, दोन बाहेरच्या वक्त्यांना, एक शोधनिबंध-वाचनाला आणि एक प्रयोगांच्या संध्याकाळीला. याहून जास्त भरगच्च केलंत तर पाचव्या आठवड्यात कार्यकारिणीचीच माणसं गळायला लागतात.

वार मात्र हलवू नका. वक्त्याला फक्त शुक्रवार जमतो म्हणून मंगळवारची बैठक शुक्रवारी नेली, की पुढच्या मंगळवारी निम्मे लोक ‘या आठवड्यात आहे ना?’ असं विचारत बसतात. वक्त्याचा खास कार्यक्रम शुक्रवारी वेगळा घ्या आणि मंगळवारी नेहमीप्रमाणे भेटा, चारच जण आले तरी.

पायरी ४: विद्यार्थ्यांची व्याख्यानं

मंडळाचा खरा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

एडिनबर्ग विद्यापीठात १८२३ साली प्लिनियन सोसायटी नावाचं विद्यार्थ्यांचं निसर्गविज्ञान मंडळ निघालं. विद्यापीठाच्या तळघरातल्या एका खोलीत ते भरायचं. २७ मार्च १८२७ रोजी अठरा वर्षांच्या चार्ल्स डार्विनने तिथे दोन छोट्या गोष्टी सांगितल्या. फ्लस्ट्रा या चटईसारख्या पसरणाऱ्या समुद्री जीवाच्या अळ्या स्वतःहून हालचाल करतात, ही एक. कालवांच्या शिंपल्यांत सापडणारे काळे ठिपके एका सागरी जळूची अंडी आहेत, ही दुसरी. किनाऱ्यावर फिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून मिळालेली ही निरीक्षणं. त्यात कुठलाही महान सिद्धान्त नव्हता. विद्यार्थी-मंडळात मांडायचा विषय साधारण एवढ्याच आकाराचा असावा: आपण स्वतः पाहिलेलं, मोजलेलं किंवा मन लावून समजून घेतलेलं एक काहीतरी.

त्याच मंडळातली आणखी एक आठवण डार्विनने उतारवयात लिहून ठेवली. एक मुलगा बोलायला उठला, बराच वेळ अडखळला, लालबुंद झाला आणि शेवटी अध्यक्षांना म्हणाला की मी काय बोलणार होतो तेच विसरलो. सभेतल्या कोणालाच त्याला सावरून घेणारं एक वाक्य सुचलं नाही. हे तुमच्याकडेही घडेल, आणि त्याची तयारी सभा चालवणाऱ्याने करायची असते. वक्त्याचा पहिला मुद्दा आणि शेवटचा मुद्दा त्याने आधी विचारून स्वतःच्या कागदावर लिहून घ्यावा. वक्ता अडला तर ‘तुम्ही मघाशी ते अळ्यांच्या हालचालीचं सांगत होता’ एवढं म्हटलं की गाडी पुन्हा रुळावर येते.

दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी आम्ही सुचवतो ती चौकट अशी. पहिल्या मिनिटात प्रश्न सांगा, उत्तर नाही. पुढची पाच मिनिटं एकाच आकृतीवर किंवा एकाच आलेखावर काढा. आलेख असेल तर आधी अक्ष वाचून दाखवा: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकक कोणतं. मग त्यातला एक बिंदू निवडून तो काय सांगतो ते बोला, आणि त्यानंतरच रेषेच्या कलाकडे वळा. उरलेल्या वेळात जे पटलेलं नाही किंवा समजलेलं नाही ते उघड सांगा. प्रश्न तिथूनच सुरू होतात. स्लाइड्स लागल्याच तर चार. फळ्यावर बोलणाऱ्याचा वेग आपोआप श्रोत्यांच्या वेगाशी जुळतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी खडूच हातात घ्यायला सांगेन.

बोलण्याची एक सराव-फेरी आदल्या दिवशी दोनच मित्रांसमोर घ्या. मायकेल फॅरेडे पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या शुक्रवारच्या व्याख्यानांसाठी गाजले, पण त्याआधी लंडनच्या सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत, आपल्यासारख्याच हौशी तरुणांसमोर, १८१६ पासून त्यांनी रसायनशास्त्रावर व्याख्यानं देऊन हात बसवला होता.

आता प्रश्नांबद्दल. बोलणं संपल्यावर शांतता पसरली तर ती वक्त्याची चूक नसते. लोकांना आपला प्रश्न बावळट वाटेल याची भीती असते. कापित्सा आपल्या क्लबात मुद्दाम ढोबळ चुका करत, म्हणजे सगळ्यांत लहान माणसालाही तोंड उघडायचा धीर येई, अशी आठवण सांगितली जाते. तुमच्याकडे हे नाटक कोणाला जमणार नसेल तर साधे नियम करा: पहिला प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याचाच, प्राध्यापकांनी आणि पीएचडीवाल्यांनी तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबायचं, आणि ‘हा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे’ असं म्हणणाऱ्याला हसत हसत बसवायचं. सभा चालवणाऱ्याने स्वतःचा एक प्रश्न खिशात ठेवावा, तोही अगदी प्राथमिक. ‘हे मोजलं कसं?’ हा प्रश्न कुठल्याही विषयाला चालतो.

पायरी ५: बाहेरचा वक्ता

मोठ्या नावांच्या मागे लागू नका. त्यांच्या तारखा वर्षभर आधी भरलेल्या असतात आणि ते आलेच तर सगळा वेळ आदरातिथ्यात जातो. नुकतीच पीएचडी झालेली माणसं, पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही काळ संशोधन करणारे), वेधशाळेत किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रोज काम करणारे तंत्रज्ञ हे उत्तम वक्ते ठरतात. त्यांच्याकडे ताजं काम असतं आणि पदवीच्या मुलाला काय कळत नाही हे अजून आठवत असतं.

पत्र सहा आठवडे आधी जावं आणि वक्त्याला एकाच उत्तरात हो किंवा नाही म्हणता यावं, इतकं पूर्ण असावं. नमुना असा:

‘आदरणीय डॉ. ____ यांस, सप्रेम नमस्कार. आम्ही ____ विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं विज्ञान मंडळ चालवतो. दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आमची बैठक होते, साधारण चाळीस विद्यार्थी येतात, त्यांतले निम्मे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे आणि वेगवेगळ्या शाखांचे. आपण प्रथिनांच्या घड्यांवर केलेल्या कामातला मोजमापाचा भाग आम्हाला समजून घ्यायचा आहे. ४० मिनिटं बोलणं आणि २० मिनिटं प्रश्न अशी वेळ असते. ____, ____ किंवा ____ यांपैकी कोणती तारीख सोयीची होईल? प्रवासखर्च मंडळ देईल, मानधन देणं मात्र आम्हाला शक्य नाही. प्रोजेक्टर आणि फळा दोन्ही उपलब्ध आहेत. आपला, ____, सचिव.’

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. श्रोते कोण आहेत हे न सांगितल्यामुळे वक्ता संशोधन-परिषदेतलं भाषण घेऊन येतो आणि पाचव्या मिनिटाला मागची रांग मोबाइल काढते. आणि पैशांचं स्पष्ट न लिहिल्यामुळे शेवटी दारात उभं राहून अवघड बोलणं होतं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

कार्यक्रमाच्या दिवशी एकाने अर्धा तास आधी जाऊन प्रोजेक्टर लावून बघायचा. एचडीएमआयची तार आणि नव्या लॅपटॉपना लागणारा यूएसबी-सी जोड जवळ ठेवा. भाषणाची पीडीएफ आदल्या रात्री मागवून दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या. परिचय दोन मिनिटांत संपवा. वक्त्याचं सगळं जीवनवृत्त वाचून दाखवण्याची पद्धत कोणालाच आवडत नाही, वक्त्यालाही.

शोधनिबंध-वाचन

हे सत्रातून एकदाच असलं तरी नीट करा. पहिल्या वेळेला छोटा निबंध घ्या. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला. तो जेमतेम एका पानाहून थोडा मोठा आहे आणि त्यात एकच आकृती आहे. चॅडविक यांचं न्यूट्रॉनबद्दलचं २७ फेब्रुवारी १९३२ च्या अंकातलं पत्रही असंच आटोपशीर. निबंध आठवडाभर आधी वाटा आणि चौघांना कामं वाटून द्या: एकाने प्रश्न काय होता ते सांगायचं, दुसऱ्याने मोजमाप कसं केलं ते, तिसऱ्याने पुरावा कुठे तोकडा वाटतो ते, आणि चौथ्याने पुढे काय झालं ते. सगळ्यांनी सगळं वाचून यायचं ठरवलं तर कोणीच वाचून येत नाही.

पायरी ६: प्रयोगांची संध्याकाळ

नवे सदस्य मिळवून देणारा कार्यक्रम हाच. यात दहा चमत्कार दाखवण्यापेक्षा लोकांना जवळ येऊन बघता येतील असे तीन प्रयोग ठेवा. माझी पहिली पसंती मेघकक्षाला, म्हणजे क्लाउड चेंबरला. आपल्या अंगातून सतत कण जात असतात हे ऐकणं वेगळं आणि त्यांच्या वाटा डोळ्यांनी बघणं वेगळं.

लागतं ते असं: पारदर्शक काचेची पेटी, एक बाजू उघडी, पेटीच्या तळाला आतून चिकटवलेला जाड फेल्ट, काळा रंग दिलेला सपाट धातूचा पत्रा, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), आणि ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्केवाल्यात पाणी फार असतं, त्याने काम नीट होत नाही. फेल्ट अल्कोहोलने भिजवा, पेटी पालथी करून पत्र्यावर ठेवा आणि कडा टेपने किंवा मातीने बंद करा. पत्र्याखाली ड्राय आइसचा सपाट थर हवा. त्याचं तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. खोलीत अंधार करा आणि एलईडी टॉर्चचा झोत बाजूने, पत्र्याच्या अगदी लगत सोडा.

मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही आणि गर्दी चुळबुळायला लागते. समजावून सांगायची वेळ हीच. वर अल्कोहोलची वाफ होते, खाली येता येता थंड होते आणि पत्र्याच्या वर थोड्याशा उंचीपर्यंत अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त वाफ असलेला, थर तयार होतो. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेत आयन (विद्युतभारित अणू-रेणू) सोडतो आणि त्या आयनांभोवती थेंब धरतात. पहिल्यांदा नुसता पाऊस पडल्यासारखं दिसेल, मग रेषा उमटायला लागतील. आखूड आणि जाड रेषा अल्फा कणांच्या, बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या कुटुंबातून आलेल्या. लांब, बारीक, सरळ रेषा बहुतेक म्युऑनच्या, म्हणजे विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या कणांच्या. वेड्यावाकड्या रेघोट्या कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. तळहात पुढे करायला सांगून हा आकडा उच्चारला की पुढे काही बोलावं लागत नाही. एक मात्र सांगून ठेवा: संवेदनशील थर पातळ असल्यामुळे उभ्या दिशेने जाणाऱ्या कणांची वाट फार थोडी दिसते, म्हणून पेटीतल्या रेषांची मोजणी या आकड्याशी जुळणार नाही.

आता सुरक्षितता, आणि इथे चालढकल नको. एक किलो ड्राय आइसचा सुमारे ५०० लिटर वायू होतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणून खोली हवेशीर हवी. ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत कधीही ठेवायचा नाही, ती फुटते. हाताळायला जाड उष्णतारोधक हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळपास ज्योत किंवा ठिणगी उडवणारं काही नको. शेजारच्या टेबलावर बर्नरचा प्रयोग लावण्याचा उत्साह आवरा.

द्रव नायट्रोजनचा मोह होतोच. तो उणे १९६ अंशांना उकळतो आणि एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू बनतो. लहान बंद खोलीत तो ऑक्सिजन हटवतो आणि माणसाला काही जाणवायच्या आत भोवळ येते. त्याच्या डब्याबरोबर लिफ्टमध्ये माणसाने जायचं नाही. प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हजर नसेल तर हा प्रयोग यादीतून काढा. सूर्य दाखवायचा असेल तर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर लावायची, डोळ्याकडच्या बाजूला नाही, आणि मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचं झाकण बंद ठेवायचं.

प्रत्येक प्रयोगासाठी एका कागदावर चार रकाने करा: काय बिघडू शकतं, कोणाला इजा होईल, आपण काय काळजी घेतली, तरीही झालं तर काय करायचं. हा कागद सल्लागारांच्या सहीने आठवडाभर आधी तयार हवा. विद्यापीठाने मागितला नाही तरी करा. कागद भरताना निम्मे धोके पहिल्यांदाच लक्षात येतात.

पैसे आणि प्रसिद्धी

साप्ताहिक बैठकांना जवळजवळ काहीच खर्च नसतो. पैसे लागतात ते प्रवासखर्चाला आणि प्रयोगाच्या सामानाला. वर्गणी नाममात्र ठेवा आणि पहिल्या दोन बैठका सगळ्यांना मोफत. पैसे विद्यापीठामार्फत किंवा मंडळाच्या नावाच्या खात्यातच असावेत, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात एक दिवसही नाही. प्रत्येक खर्चाला दोन सह्या आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी फाइलमध्ये. उपकरणं विकणारी एखादी कंपनी प्रायोजक म्हणून मिळाली तर तिचं नाव भित्तिपत्रकावर जाऊ द्या, व्याख्यानाचा विषय तिला ठरवू देऊ नका.

भित्तिपत्रकावर विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. ‘विश्वकिरणांचं भौतिकशास्त्र’पेक्षा ‘या क्षणी तुमच्या हातातून काय जातंय?’ वाचायला थांबवतं. वार, वेळ, इमारत, मजला आणि खोलीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. नवख्याला सभागृह सापडत नाही हे गैरहजेरीचं फार मोठं आणि फार क्षुल्लक कारण आहे. दाराशी एक जण उभा ठेवा, त्याने नाव विचारून आत कोणाच्या तरी शेजारी नेऊन बसवावं.

पायरी ७: नोंदी आणि हस्तांतरण

इतिवृत्त म्हणजे भाषणाचा सारांश नव्हे. तारीख, हजेरी, कोण बोललं, विषय, कोणते प्रश्न आले, काय ठरलं आणि कोणी करायचं, एवढं अर्ध्या पानात बसतं. जे घडलं ते लिहा, नकोसं वाटलं तरी. प्लिनियन सोसायटीत डार्विन बोलला त्याच संध्याकाळी विल्यम ब्राउन या विद्यार्थ्याने मन हा मेंदूच्याच घडणीचा परिणाम असल्याचं मांडलं. त्यावर मोठा वाद झाला आणि इतिवृत्तातल्या त्या नोंदींवर कोणीतरी काट मारली. त्या सभेतलं सगळ्यांत जास्त कुतूहल आज त्या खोडलेल्या मजकुराबद्दलच आहे.

मंडळं बहुतेक वेळा जूनमध्ये मरतात, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं निघून जातात तेव्हा. त्यामुळे निवडणूक सत्राच्या शेवटी घेऊ नका, शेवटच्या परीक्षेच्या तीन महिने आधी घ्या. या तीन महिन्यांत नवा सचिव पत्र लिहितो आणि जुना ते वाचून दुरुस्त करतो, नवा खजिनदार हिशेब मांडतो आणि जुना शेजारी बसतो. १९३४ साली कापित्सा रशियात गेले आणि सरकारने त्यांना केंब्रिजला परतू दिलं नाही. क्लब मात्र चालू राहिला, कारण तो चालवण्याची सवय तोवर इतरांना लागली होती.

हस्तांतरणाच्या फाइलमध्ये घटना, इतिवृत्तं आणि हिशेब असतीलच. त्याशिवाय हेही हवं: कोणते वक्ते नाही म्हणाले पण ‘पुढच्या वर्षी विचारा’ म्हणाले त्यांची यादी, सभागृहाची नोंद कोणाकडे आणि किती दिवस आधी करावी लागते, कोणतं सामान कोणत्या कपाटात आहे, आणि मागच्या वर्षी काय फसलं त्याचं एक प्रामाणिक पान. मंडळाचा ईमेल मंडळाच्या नावाने उघडलेला असावा. त्याच्या पडताळणीचा मोबाइल क्रमांक कोणाचा आहे ते आत्ताच तपासा. तो गेल्या वर्षीच्या अध्यक्षाचा निघाला आणि ती व्यक्ती दुसऱ्या देशात शिकायला गेली असेल, तर सांकेतिक शब्द माहीत असूनही खातं उघडत नाही. जबाबदारी देतानाच, दोघं समोरासमोर बसून, हा क्रमांक बदलून घ्या.

आणि जुन्या सचिवाने निघण्यापूर्वी एक काम उरकून ठेवावं: पुढच्या सत्राच्या पहिल्या चार मंगळवारांची खोली आरक्षित करून तिची पोचपावती फाइलच्या पहिल्या पानावर लावावी.